सोळाशे चाळीसचं पाणी

३ जुलै
काकूंच्या फोनवरून सरांचा निरोप. सर सांगतात, काकू टाइप करतात, म्हणून स्वल्पविरामासकट येतो. बंगलोरच्या एका मुलीची मेल आली आहे, पुढे पाठवतो, वाच, आणि ये.

वाचली. नाव दीपा. पीएच.डी.चं चौथं वर्ष. आमचा एकोणीस वर्षांपूर्वीचा पेपर धरून काम करतेय. तीच माती, तसाच हिऱ्यांचा सेल, तेवढाच दाब. म्हणते, इन्फ्रारेडमध्ये १६४० ची पट्टी काही केल्या दिसत नाही, आमचं काय चुकतंय सांगाल का. 'आमचं' म्हणते बिचारी.

आपला पेपर कोणीतरी वाचतंय याचाच आधी आनंद झाला. तो चहा होईपर्यंत टिकला.

५ जुलै
सरांकडे. खुर्ची खिडकीशी, मांडीवर घडी घातलेला पंचा. कंप आता मानेपर्यंत पोचलाय. कप काकूच धरतात.

"काय म्हणत्ये ती मुलगी?"
"पट्टी येत नाही म्हणते, सर."
"दाब पोचत नसेल तिचा. तू परत कर गो एकदा, आणि आलेख पाठव तिला. अडकल्ये बिचारी."

इतकं सोपं. सरांना शंका शिवतसुद्धा नाही. आख्खा पेपर चार पानांचा: जांभ्याखाली लागते ती पांढरी माती दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरून दाबली, तर ठरावीक दाबानंतर तिच्यातले ओ-एच जुळून पाणी तयार होतं, आणि पाणी झालं की १६४० ला पट्टी उठते. माती आमच्या लांज्याच्या घरच्या विहिरीतली, मीच पिशवीतून आणलेली. 'रत्नागिरीच्या मातीत पाणी' असं इथल्या वर्तमानपत्रात आलं तेव्हा गावातले लोक बाबांना विचारायला आले होते, कुठे खणायचं म्हणून.

मुंबईची मोठी जागा सोडून सर इथल्या कॉलेजात आले तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्या सगळ्यांना दिलेलं उत्तर म्हणजे ही चार पानं.

सेल घेऊन आले. स्टीलच्या डब्यात, कापसात. पूर्वी त्या डब्यात काकूंचे लवंग-वेलदोडे असायचे. अजून वास येतो.

९ जुलै
हिरे शाबूत. स्पिरिटने पुसले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोन हिऱ्यांमध्ये बसतो त्या पत्र्याला भोक पाडलं, मोहरीच्या दाण्याचा पाव भाग. त्यात आधी के.बी.आर., मग मातीचा कण, मग दाब मोजायला माणकाचा कण, वर परत के.बी.आर. सगळं सुईच्या टोकाने. तेव्हा अर्ध्या तासाचं काम होतं, आज दोन तास आणि चष्मा.

सरांनी मला निवडलं ते हुशारीसाठी नव्हे. त्यांचा उजवा हात तेव्हाच हलायला लागला होता आणि वर्गात माझा हात सगळ्यांत स्थिर. मला हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. राग आला होता.

के.बी.आर., नमुन्याभोवती भरायचं माध्यम, म्हणजे शेवटी एक मीठच. ते ओव्हनमध्ये ११० ला रात्रभर वाळवून घेतलं होतं, भरतानाही गरम दिव्याखाली ठेवलं. इथल्या हवेत दुसरा इलाज नाही. सिलिका जेल सकाळी निळं घालावं तर संध्याकाळी ओलीने गुलाबी.

दाब वाढवत नेला. पाचव्या पायरीला पट्टी यायला हवी.
नाही आली.

१२ जुलै
परत. नवीन पत्रा, नवीन माती. आणखी दोन पायऱ्या वर गेले.

काही नाही. १६४० ला आलेख सपाट, आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या ओहोटीसारखा. दीपाच्या हाताला उगाच नावं ठेवत होतो आम्ही. म्हणजे सर ठेवत होते, मी गप्प होते.

दुपारी सरांचा फोन, काकूंनी कानाला धरलेला. "दिसली?"
"नमुना नीट बसला नाही, सर. परत करते."

खोटं बोलले. का बोलले ते अजून मला नीट माहीत नाही. माहीत आहे बहुतेक.

१४ जुलै
रविवार. कॉलेजात कुणी नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनी वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची. माझं तेविसाव्या वर्षीचं अक्षर. काय ते गोल गोल.

एप्रिल-मे: कमी दाबाच्या चार पायऱ्या. मग पत्रा फाटला. मग जुलैत परत नमुना भरून थेट वरचे दाब. पट्टी आहे ती फक्त जुलैच्या पानांवर. म्हणजे दाब वाढला म्हणून आली, की जुलै आला म्हणून?

जुलैच्या पहिल्या पानावर: 'के.बी.आर. ११०°, रात्रभर वाळवले.' खाली सरांची सही.

मला आठवलं. 

मला आदल्या दिवशीच दुसऱ्या दिवसाच्या ओळी लिहून ठेवायची सवय होती. रोज तेच तर करायचं, सकाळी वेळ वाचतो. ती ओळ अशीच आदल्या दिवशी लिहिलेली. संध्याकाळी वादळ झालं, खांब पडले, चार दिवस लाइट नव्हते. ओव्हन बंद. तिसऱ्या दिवशी कॉलेजने जनरेटर लावला तो फक्त आलेखाच्या यंत्रासारख्या मोठ्या यंत्रांपुरता. घरून निरोप होता, भाताच्या लावणीला माणसं मिळत नाहीत, लगेच निघ. मला जायचं होतं. बरणीतलं के.बी.आर. तसंच घेतलं, सेल भरला, आलेख काढला. ओळ खोडायची राहिली.

राहिली? की ठेवली?

१५ जुलै
आज करून पाहिलं. के.बी.आर. काचेवर पसरून टेबलावर तासभर उघडं ठेवलं. तेवढ्यात त्याचे गोळे झाले. तेच भरलं.

१६४०. पहिल्याच पायरीला. तीच उंची, तोच उजवीकडचा उतार. जुन्या आलेखावर नवा कागद ठेवून खिडकीच्या काचेला लावला. एकावर एक बसले.

ते मातीतलं पाणी नव्हतं. आमच्या हवेतलं होतं. आमची आई पावसाळ्यात मिठाची बरणी चुलीशेजारी ठेवते, नाहीतर त्याला पाणी सुटतं. हे मला फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून माहीत आहे. एम.एस्सी. झाल्यावर कळेनासं झालं.

खुर्चीत बसून रडले. चपराशी डोकावला, 'मॅडम, बंद करायचं काय?' म्हणाला. म्हटलं, करा.

१८ जुलै
सांगायचं ठरवून गेले. काकूंनी घावणे केले होते. सर झोपले होते, म्हणून काकू माझ्याशी बोलत बसल्या.

"ह्यांनी सकाळी चहासुद्धा घेतला नाहीनी. पण तुझा फोन आला काय, विचारलंनी दोनदा. त्या मुलीचं पत्र आल्यापासून बरे आहेत गो. कुणीतरी विचारतंय आपल्याला, असं वाटतं."

भिंतीवर पेपरचं पहिलं पान, फ्रेममध्ये. सरांच्या नावाखाली माझं. काकू दर गुरुवारी पुसतात.

घावणे खाल्ले आणि परत आले. शूरवीर.

२१ जुलै
आईचा फोन. "जेवलंस काय गो? आवाज असा का?" म्हटलं, सर्दी. "मग वाफ घे." आईला सांगावंसं वाटलं. तिला सगळं कळलं असतं, मीठ तर तिचंच आहे. पण तिने विचारलं असतं, तू तेव्हा लावणीला का धावत आलीस मग? मी बोलावलं म्हणून ना? तिच्या डोक्याला तो भार नको.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. विहिरीवरून जाताना ते पाहुण्यांना सांगायचे, हिची माती परदेशात छापून आलीय. बरं झालं ते नाहीत. असं लिहिताना लाज वाटते, पण आज हेच वाटलं.

२४ जुलै
दीपाची मेल, या वेळी थेट मला. तिच्या गाइडचं म्हणणं, हिचा हात वाईट आहे, छापलेली गोष्ट हिला जमत नाही. दोन वर्षं ती तेच करतेय. सप्टेंबरअखेर प्रबंध द्यायचा, नाहीतर मुदत संपते. शेवटी लिहिलंय, मला फक्त एवढं सांगा, तुम्हाला ती पट्टी खरंच दिसली होती का.

हिच्याहूनही लहान असताना मी ती ओळ लिहिली. माझी सकाळची पाच मिनिटं वाचली आणि हिची दोन वर्षं गेली.

उद्या सांगणार. आता टाळायचं नाही, कानाला खडा.

२६ जुलै
सांगितलं. काल नाही, आज.

दोन्ही आलेख त्यांच्या मांडीवर ठेवले, एकावर एक. वही उघडली. ओळ दाखवली. म्हटलं, सर, हे मी आदल्या दिवशी लिहिलं होतं. ओव्हन बंद होता. मी वाळवलंच नाही.

सरांनी कागद धरायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून मी धरला. बराच वेळ पाहिलं. मान हलत होती, पण ती नेहमीच हलते, त्यामुळे हो की नाही कळायला मार्ग नाही.

"तुला कधी कळलं?"
"पंधरा तारखेला."
"त्याच्या आधी?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पट्टी पहिल्यांदा दिसली तेव्हा सर खुर्चीवरून उठून नाचल्यासारखे फिरले होते खोलीत, आणि मला एकदा वाटलं होतं, ओव्हन बंद होता. एकदाच. मग लावणी, मग पेपर, मग अभिनंदनं. खरं तेच सांगितलं.

सर म्हणाले, "आता जा." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

२९ जुलै
तीन दिवस निरोप नाही. वर्गावर जाते, शिकवते. माझ्याकडच्या दोघी मुली, प्रयोगशाळेत नव्या, विचारतात, मॅडम, बरं नाही का. त्यांच्या वह्या तपासल्या. एकीने उद्याची ओळ आज लिहून ठेवली होती. माझ्याकडूनच शिकली असणार, दुसरं कोण आहे इथे.

तिच्यावर ओरडले. मग माफी मागितली. ती घाबरून गेली, ओरडण्यापेक्षा माफीने जास्त.

३० जुलै
सरांकडून बोलावणं. काकूंचा चेहरा ओढलेला. फ्रेम भिंतीवर नव्हती. खिळा होता.

"आधी त्या मुलीला मोकळी कर," सर म्हणाले. तिथेच बसून दीपाला लिहिलं: के.बी.आर. न वाळवता एकदा भर, पट्टी दिसेल. चूक आमची आहे. तुझा हात चांगला आहे.

मग म्हणाले, "आता जर्नलला पत्र. लिहून घे."

सांगत गेले, मी लिहीत गेले. थांबत थांबत, पण एक शब्द मागे घेतला नाही. पेपर मागे घेत आहोत. पट्टी नमुन्याची नसून ओलाव्याची आहे. मग आलं, 'नमुना मी स्वतः भरला होता व माध्यम वाळवल्याची खात्री मी केली नव्हती.'

पेन थांबलं. "सर, नमुना मी भरला होता."
"लिही."
"तुमचा हात तेव्हा..."
"बंगलोरात कुणाला माहित्ये माझा हात? लिही गो."

नाही लिहिलं. पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. ज्या माणसाने मला पहिल्या दिवशी वहीचं पहिलं पान उघडून सांगितलं, जे केलंस तेच लिहायचं, जे करणार आहेस ते नाही, तो माणूस मला खोटं लिहायला सांगत होता, तेही जर्नलला.

१ ऑगस्ट
परत वाद. सर थकलेले, आवाज बारीक.

"तुझ्याकडे दोन मुली शिकतायत. त्यांनी तुझ्या वहीवर विश्वास ठेवायला हवा. माझ्यावर कुणी ठेवला काय, न ठेवला काय."
"म्हणून खोटं लिहायचं?"
"त्या पानावर सही कुणाची?"
"तुमची. पण तुम्हाला माहीत नव्हतं, सर."
"चार दिवस मी कंदिलाच्या उजेडात जेवलो, मंगल. मी पण ह्याच गावात राहत होतो ना? रात्रभर वाळवलं असं वाचलं आणि सही केली. मला पट्टी हवी होती."

काकूंच्या हातात चहाचा कप होता, तो तसाच गार झाला.

लिहिलं मग. त्यांच्या शब्दांत, जसंच्या तसं. छापून आणलं. काकूंनी मनगट धरलं आणि सरांनी सही केली. दहा मिनिटं लागली. सहीसारखी दिसत नाही, पण आहे. खाली माझ्या नावासमोरची जागा मोकळी. म्हणाले, "घरी नेऊन कर. विचार करून कर." हे का म्हणाले? माझ्यावर सोडलं, की मी काय करणार हे त्यांना माहीत होतं?

६ ऑगस्ट
दीपाचं उत्तर. पट्टी दिसली. खूप आभार मानलेत, इतके की वाचवेना. पण गाइड म्हणतात, खासगी मेलवर प्रबंध उभा राहत नाही, जर्नलमध्ये छापून यायला हवं. 'तुमचं पत्र कधी जाईल?'

दोन्ही लेखकांच्या सह्या लागतात. पत्र माझ्या पर्समध्ये आहे.

११ ऑगस्ट
सरांना ताप. छातीत कफ, गिळता येत नाही. दवाखान्यात हलवलं. काकू बाकावर, पिशवीत पंचा आणि थर्मास. मला पाहून म्हणाल्या, "ये." सव्वीस तारखेनंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

सर बोलत नाहीत. हात मात्र झोपेत हलत नाही. इतक्या वर्षांत त्यांचा स्थिर हात मी पहिल्यांदा पाहिला.

१४ ऑगस्ट
सकाळी जरा जागे. मी वाकून म्हटलं, "सर, मी ते वाक्य बदलू?" डोळे माझ्याकडे होते. ओठ हलले. पाणी हवं होतं. नर्सने कापसाने ओठ ओले केले.

१६ ऑगस्ट
सर गेले. सकाळी सात वाजता.

१७ ऑगस्ट
काल पुढे काही लिहिता आलं नाही, आजही येत नाही. स्मशानात लाकडं ओली होती, धरेनात. शेजारचे काका म्हणाले, "ह्या दिवसांत असंच." सगळे थांबून राहिले. मी तिथेच उभी राहून, लाकडं किती वाळवायला हवी होती याचा विचार करत होते. माझं डोकं असं आहे.

मला सर हवे आहेत. बाकी काही नाही. ते असते तर त्यांच्याशी भांडून काय ते ठरवलं असतं.

२९ ऑगस्ट
तेरावं काल झालं. आज काकूंकडे. फ्रेम पलंगाखालून काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"हे आता लावू काय, गो? तू सांग."

काय सांगणार. म्हटलं, काकू, त्यातलं खरं नाही. म्हणाल्या, "ते मला कळलं. ह्यांनी समजावलंनी सगळं, मागाहून. मी विचारत्ये लावू काय." मग म्हणाल्या, "तीन दिवस बोलले नाहीनी. माझ्याशीसुद्धा. मी तुला शिव्या घातल्या मनात. चौथ्या दिवशी म्हणाले, पोरीनं येऊन सांगितलंन. मी असतो तर सांगितलं नसतं."

दोघी रडलो. फ्रेम आम्ही लावली नाही, पलंगाखालीही परत ठेवली नाही. टेबलावर आडवी पडून आहे.

निघताना पत्राचं विचारलं. "त्यातलं ते वाक्य राहू दे का?"
"त्यांची सही मी धरून करवली. मला त्यातलं काही बदलायला सांगू नको. आणि राहू दे असंही सांगणार नाही मी."

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. दोघी मुलींनी पेन दिलं. आजच्याच दिवशी.

दीपाची मेल. एकच ओळ. दहा तारखेपर्यंत जर्नलला पोचलं तरच उपयोग.

संध्याकाळी दोन पत्रं शेजारी ठेवली. एक सरांचं. सही करून पाठवलं तर माझ्या हाताने दुसऱ्यांदा न घडलेलं लिहिलं जाईल, आणि या वेळी लाइट गेलेले नाहीत. दुसरं मी लिहिलेलं: नमुना मी भरला, ओळ मी आदल्या दिवशी लिहिली, प्राध्यापकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सगळं खरं, आणि सर नाहीत म्हणून जर्नल एका सहीवर घेईलही. पण त्याच्याखाली सरांची सही नाही, कधी होणारही नाही. शिवाय 'विश्वास ठेवला' हेही पूर्ण खरं नाही. ते कंदिलाच्या उजेडात जेवले होते. त्यांनी ते मला सांगितलं, जर्नलला नाही. ते लिहायचा अधिकार मला आहे का?

९ सप्टेंबर
उद्या दहा.

मुली घरी गेल्यावर प्रयोगशाळेत थांबले. के.बी.आर. बशीत घातलं, ओव्हन लावला, ११०. जर्नलच्या पत्राला जोडपत्र म्हणून एक स्वच्छ आलेख पाठवायचा आहे, कोरडा, सपाट. दोन्हींपैकी कुठलंही पत्र गेलं तरी तो लागेल.

सरांचं पत्र निळ्या वहीत, त्या जुन्या पानाशी ठेवलंय. पेन त्याच्यावर.

नवी वही उघडली, तारीख घातली. हात आपोआप पुढची ओळ लिहायला गेला, 'रात्रभर', इथपर्यंत. खोडलं. ओव्हनचा लाल दिवा बघत बसले थोडा वेळ, मग कुलूप लावून निघाले. सकाळी बशी बाहेर काढल्यावर लिहीन.